हक्क आधी की सरकार आधी? सोलापूरकरांनो, मत द्या

किल्लावेस
मंडळी, एका गोष्टीवर तुमचं मत हवंय. आमच्या एका ग्रुपवर परवा वाद झाला. एकानं लिहिलं, "घटनेनं दिले म्हणून हक्क आहेत, नाहीतर आपण कोण?" त्यावर धडाधड अंगठे आले. मला हे मुळातच पटत नाही.

माझं म्हणणं असं. जगण्याचा, मोकळेपणानं वावरण्याचा, आपल्या कष्टाचं फळ आपल्याकडे ठेवण्याचा हक्क माणूस जन्माला येतो तेव्हाच त्याच्याबरोबर येतो. तो सांभाळायला आपण सरकार उभं केलं. ते राखणदार आहे, वावराचं मालक नाही. इंग्लंडात जॉन लॉकनं १६८९ साली हेच मांडलं : लोकांच्या संमतीनं सरकार बनतं, आणि ते लोकांच्याच हक्कांवर उठलं तर त्याला बदलायचा अधिकार लोकांना असतो. १७७६ चा अमेरिकेचा जाहीरनामा आणि १७८९ चा फ्रान्सचा जाहीरनामा याच पायावर उभे आहेत. आणि हे गोऱ्यांचंच खूळ आहे असंही नाही. महात्मा फुल्यांनी थॉमस पेनचं 'राइट्स ऑफ मॅन' वाचलं होतं, पण 'सार्वजनिक सत्यधर्म' पुस्तकात ते स्वतःच्या भाषेत सांगतात की निर्मिकानं सगळ्या स्त्रीपुरुषांना स्वतंत्र आणि हक्कांना पात्र असंच निर्माण केलं आहे.

आता उलट बाजू धरा. हक्क सरकारनं दिले असतील तर ते परतही घेता येतील. मग १९३० साली आपल्या गावात इंग्रज सरकारनं जे केलं त्याला अन्याय कशाच्या जोरावर म्हणायचं? त्यांच्या कायद्यात तर ते बसत होतं.

बोला. विरोधात असाल तर जास्त बरं.

सातरस्ता
सविस्तर रात्री लिहितो, आत्ता कोर्टात आहे. तोवर एवढंच : निसर्गात हक्क दिसतात कुठे? वाघानं शेळी खाल्ली तर शेळीचा कुठला हक्क मोडला?

हातमाग
सातरस्ता साहेब, शेळीनं मत देऊन सरकार निवडलेलं कुठं ऐकलं नाही ओ. वाघानं जाहीरनामा काढल्याचंबी.

टिळकचौक
वाचतोय. चांगला धागा.

सातरस्ता
हां, आता बसलो निवांत.

किल्लावेस सर, तुमचा मुद्दा मनाला बरा वाटतो, पण त्यात पाया नाही. 'जन्मतः हक्क' हे सिद्ध कसं करणार? लॉक म्हणतो देवानं दिले. फुले म्हणतात निर्मिकानं दिले. जो देव मानत नाही त्यानं काय करायचं? फ्रान्सचा जाहीरनामा वाचून जेरेमी बेंथम म्हणाला होता की नैसर्गिक हक्क ही बाष्कळ बडबड आहे, तीही उंच काठ्यांवर चढवलेली. तो काही राजाचा भाट नव्हता, सुधारकच होता. त्याचं म्हणणं सरळ होतं : हक्क पाहिजेत, तर कायदा करा. कायद्यावाचून हक्क म्हणजे नुसती इच्छा.

दुसरं, हे जन्मसिद्ध हक्कवाले स्वतः कसे वागले बघा. लॉकचे पैसे गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत होते. अमेरिकेच्या जाहीरनाम्यात 'सर्व माणसे समान' लिहिणाऱ्या जेफरसनच्या शेतावर शेकडो गुलाम होते. निसर्गानं दिलेला हक्क गुलामाला का दिसला नाही? कारण कायदा नव्हता. कायदा झाला तेव्हा गुलाम सुटला.

मी रोज कोर्टात उभा राहतो. तिथं 'निसर्ग' या नावाचं कलम नाही. माझ्या पक्षकाराला वाचवायला मला कलमच लागतं.

मंगळवारपेठ
१९३० चा विषय निघालाच आहे तर नीट मांडतो, कारण आपल्या पोरांना चौकातले पुतळे माहीत असतात, प्रकरण माहीत नसतं.

गांधीजींना ५ मे १९३० ला अटक झाली. सोलापूर तेव्हा गिरण्यांचं गाव, हजारो कामगार. हरताळ पडला. ८ मे रोजी रूपाभवानीच्या बाजूला शिंदीची झाडं तोडण्यावरून पोलीस आणि लोक समोरासमोर आले, गोळीबार झाला, माणसं गेली. मग जमाव भडकला. मंगळवार पेठेतल्या चौकीत पोलीस मारले गेले, कोर्टाला आग लागली. त्यानंतर ९, १० आणि ११ मे हे तीन दिवस गावात इंग्रजांची सत्ता नव्हती. अधिकारी आणि पोलीस गावाबाहेर स्टेशनच्या बाजूला सरकले होते. रस्त्यावर काँग्रेसचे स्वयंसेवक उभे राहिले आणि वाहतूक, बंदोबस्त त्यांनी बघितला. १२ मे ला मार्शल लॉ आला, तो जूनअखेरपर्यंत. तिरंगा हातात धरला म्हणून लोकांना शिक्षा झाल्या.

पुढे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना चौकीतल्या खुनांच्या आरोपावरून १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. एक लिंगायत, एक मारवाडी, एक मराठा, एक मुसलमान.

माझा प्रश्न सातरस्ता यांना. त्या तीन दिवसांत कायदा कुणाचा होता? इंग्रजांचा उठला होता, आपला अजून यायचा होता. तुमच्या हिशेबानं त्या तीन दिवसांत सोलापूरच्या माणसाला एकही हक्क नव्हता. तरी दुकानं लुटली गेली नाहीत, बायाबापड्यांच्या अंगाला कुणी हात लावला नाही असंच आमच्या पेठेतले जुने लोक सांगत. हे कुठून आलं?

सातरस्ता
मंगळवारपेठ, तुम्ही तीन दिवस धरलेत, मी चौथा धरतो. ८ मे. चौकीत जे पोलीस मेले तेही पोटासाठी नोकरी करणारे आपलेच लोक होते. त्यांचा जगण्याचा नैसर्गिक हक्क त्या दिवशी कुठे गेला? थॉमस हॉब्जनं १६५१ मध्ये हेच लिहून ठेवलंय : सत्ता नसली की माणसाचं जगणं एकाकी, दरिद्री, ओंगळ, रानटी आणि अल्पायुषी. पहिल्या दिवशी हॉब्ज दिसला, पुढचे तीन दिवस लॉक. तुम्ही लॉकचे दिवस मोजता, मी चारही मोजतो.

टिळकचौक
देशात मार्शल लॉ फक्त सोलापूरला लागला होता, हा आपला अभिमान.

हातमाग
तसं नाही ओ. पंजाबात १९१९ ला जालियनवाला बागेनंतर लागला होता की. अभिमान बाळगायला आपले तीन दिवस पुरेसे आहेत.

किल्लावेस
सातरस्ता, चौकीतल्या पोलिसांबद्दल तुम्ही लिहिलंत ते बरोबरच आहे, आणि हा मुद्दा माझ्या बाजूचा आहे. त्या पोलिसांना मारणं चूक होतं असं तुम्ही आज कशावरून म्हणता? इंग्रजी दंडसंहितेत खून हा गुन्हा होता म्हणून? की ती माणसं होती म्हणून? दंडसंहिता नसती तर ते बरोबर ठरलं असतं का? नाही ना. मग कलमाच्या आधी काहीतरी आहे हे तुम्हीच मान्य करता आहात.

आणि गुलामांचं. फ्रेडरिक डग्लस हा स्वतः गुलामीतून पळून सुटलेला माणूस. त्यानं १८५२ मध्ये अमेरिकनांना त्यांचाच जाहीरनामा तोंडावर फेकून विचारलं, तुमचा चार जुलैचा स्वातंत्र्यदिन आमच्या काय कामाचा? तेव्हा गुलामी कायदेशीर होती. कायदा त्याच्या विरुद्ध होता, हातात होता तो फक्त जन्मसिद्ध हक्क. फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या ज्या लोकांना अर्पण केलं, ते गुलामी संपवणारे लोक होते. जेफरसन वाईट वागला म्हणून त्यानं लिहिलेलं खोटं ठरत नाही.

तारेपलीकडे
मी बरेच दिवस नुसती वाचत असते, आज लिहिते.

तुम्ही सगळे शिकलेले लोक लॉक आणि हॉब्ज बोलताय. मी सेटलमेंटची आहे. सोलापुरातल्या किती जणांना सेटलमेंट म्हणजे काय ते माहीत आहे? रिक्षावाल्याला 'सेटलमेंट फ्री कॉलनी' सांगितलं की तो बरोबर आणून सोडतो. कशापासून फ्री, ते कुणी विचारत नाही.

इंग्रजांनी १८७१ साली कायदा केला, क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट. अमुक जातीत जन्मलात की तुम्ही गुन्हेगार. कैकाडी, पारधी, कंजारभाट, टकारी, मांगगारुडी, असे आमचे लोक. चोरी करायची गरज नाही, जन्म पुरेसा. सोलापुरात काटेरी तार ओढून आमच्या माणसांना आत ठेवलं. माझी आजी त्या तारेच्या आत वाढली. तिच्या सांगण्यात दोनच गोष्टी पुन्हा पुन्हा यायच्या, हजेरी आणि पास. हजेरीला नाव पुकारलं की 'हाय' म्हणायचं, उशीर झाला की शिक्षा. मिलमध्ये कामाला जायचं तर पास. पाहुण्याच्या मयतीला जायचं तरी पास. तो पास तिनं लुगड्याच्या गाठीत बांधलेला असायचा, आणि पुढं कितीतरी वर्षं, पासाची गरज संपल्यावरही, घराबाहेर पडताना तिचा हात आधी त्या गाठीवर जायचा. हे मी स्वतः बघितलंय.

आता सातरस्ता साहेबांना विचारते. तो कायदा होता. कौन्सिलनं केलेला, छापलेला, कलमं असलेला. कायद्यानंच हक्क मिळतात म्हणता, तर माझ्या आजीला हक्क नव्हता हे बरोबरच होतं म्हणायचं.

देश १५ ऑगस्ट १९४७ ला सुटला. हा कायदा देशभरातून गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला. पाच वर्षं आणि सोळा दिवस नंतर. आमच्यात हा आकडा लहान पोरालाही पाठ असतो.

मंगळवारपेठ
ताई, मी सोलापुरात जन्मलो आणि एवढं नीट मला कुणी सांगितलं नव्हतं. लिहीत राहा.

पूर्वभाग
तारेपलीकडे ताई, अंगावर आलं वाचताना.

मी दुसऱ्या टोकावरून लिहिते, रागावू नका. माझी आई बिड्या वळायची. आमच्या पूर्वभागात घराघरात तेच. पान आणि तंबाखू कारखान्यातून आणायचं, पान भिजवायचं, कात्रीनं कापायचं, वळायचं, दोरा बांधायचा, मोजून द्यायच्या. तिथं खराब म्हणून काही बाजूला काढायचे. त्यांचे पैसे नाहीत, आणि बिड्याही परत नाहीत.

लॉकचं एक मत मला फार आवडलं होतं. निसर्गातल्या वस्तूत माणसानं आपले कष्ट मिसळले की ती त्याची होते. मग आईच्या बाजूला काढलेल्या बिड्या कुणाच्या? लॉकप्रमाणे तिच्या. पण लॉक काही कारखान्याच्या दारात आला नाही. आला तो १९६६ चा बिडी-सिगार कामगार कायदा, आणि त्याच्या मागं युनियन. कुंभारीला बिडी कामगार बायकांची दहा हजार घरं उभी राहिली ती मोर्चे काढून काढून. तिथं आज बाईच्या नावावर दार आहे. जन्मसिद्ध हक्कानं आईला एक वीटही दिली नाही.

म्हणून मला दोघांचंही अर्धं पटतं.

हातमाग
पण ताई, मोर्चा काढताना बाया काय म्हणत होत्या? 'कायद्यात नाही, तरी उपकार करा' म्हणत होत्या का 'आमचं हाय ते द्या' म्हणत होत्या? माझी मावशी होती त्यात. ती दुसरंच म्हणत होती, आणि लई मोठ्यानं.

भीमाकाठ
मालमत्तेचं निघालंच आहे तर आमचं ऐका. उजनी धरण १९८० ला पूर्ण झालं. आमची जमीन पाण्याखाली. सोलापूरला तेच पाणी जातं. लॉक जीविताबरोबर मालमत्तेचंही नाव घेतो. आपल्याकडे १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीनं मालमत्ता मूलभूत हक्कांतून काढली आणि ३००-अ कलमात ठेवली. आता माझी जमीन नैसर्गिक हक्क आहे का नाही? का सरकारला धरण बांधायचं असलं की निसर्ग बदलतो?

टिळकचौक
उजनीचं पाणी येतं खरं, पण कधी येतं ते आमच्या गल्लीला विचारा. पाच दिवसांआड. तेही पहाटे.

पूर्वभाग
आमच्याकडे आज आलं. प्रेशर नव्हतं.

हातमाग
झालं, धागा पाण्यावर गेला. सोलापूरकर दोन जण भेटले की तिसरा विषय पाणीच.

सातरस्ता
पाण्यावर गेला तर जाऊ द्या, तेही विषयाला धरूनच आहे. १९९१ च्या सुभाषकुमार खटल्यात सुप्रीम कोर्टानं स्वच्छ पाणी आणि हवा हे २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्कात धरलं. भीमाकाठ, तुमच्यासाठी : २०२० च्या विद्यादेवी खटल्यात कोर्टानं म्हटलं की मालमत्ता मूलभूत हक्क राहिला नसला तरी तो घटनात्मक हक्क आहे आणि मानवी हक्कही आहे. कायदा आणि मोबदला याशिवाय सरकारला जमीन घेता येत नाही. तुमची कागदपत्रं असतील तर जपून ठेवा.

आता तारेपलीकडे ताईंना. उत्तर टाळणार नाही. तो कायदा होता आणि तो अन्यायी होता. मी कायद्याला न्याय म्हणत नाही, कधी म्हटलं नाही. माझं म्हणणं एवढंच की अन्याय थांबवायचं साधन कायदाच आहे. तुमच्या आजीची तार नुसत्या भावनेनं तुटली नाही, तो कायदा रद्द करावा लागला.

किल्लावेस
रद्द का केला, ते सांगा की. सोयीचा नव्हता म्हणून? माणसाला जन्मानं गुन्हेगार ठरवताच येत नाही म्हणून.

तुम्ही वकील आहात तर जबलपूर खटला तुम्हीच सांगायला हवा होता. मीच सांगतो. आणीबाणीत २१ वं कलम कोर्टात वापरायला बंदी झाली. लोक तुरुंगात होते. प्रश्न आला, आता त्यांना दाद मागता येते का? न्या. खन्नांनी ॲटर्नी जनरलना विचारलं की एखाद्या पोलिसानं वैरापोटी कुणाचा जीव घेतला तर? उत्तर आलं, आणीबाणी आहे तोवर इलाज नाही. २८ एप्रिल १९७६ ला चार न्यायाधीशांनी सरकारची बाजू उचलली. एकटे खन्ना म्हणाले की जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क काही फक्त २१ व्या कलमात राहत नाही. ते कलम नसतं तरी कायद्याच्या आधाराविना कुणाचा जीव घ्यायची सत्ता राज्याला नसती. त्याची किंमत त्यांनी मोजली. सरन्यायाधीशपद त्यांना डावलून दुसऱ्याला दिलं आणि त्यांनी राजीनामा दिला. २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठानं खन्नांनाच बरोबर ठरवलं. बहुमतातल्या चारांपैकी एक होते यशवंतराव चंद्रचूड, आणि तो निकाल मोडीत काढणारं निकालपत्र लिहिलं त्यांच्या मुलानं.

२१ वं कलम वाचा. ते 'हक्क देत आहोत' असं म्हणत नाही. कायद्यानं ठरवलेल्या रीतीशिवाय कोणाही व्यक्तीचं जीवित हिरावून घेता येणार नाही, असं म्हणतं. नुसत्या नागरिकाचं नाही, कोणाही व्यक्तीचं. हिरावून घ्यायला आधी जवळ असावं लागतं.

मंगळवारपेठ
सर, हे एक नंबर लिहिलंत.

सातरस्ता
खन्नांना मी मनापासून मानतो. पण १९७६ साली त्यांच्या मतानं एकही माणूस सुटला नाही. माणसं सुटली ती निवडणुकीनं आणि पुढं पक्की झाली ती पुन्हा ४४ व्या दुरुस्तीनं. आता आणीबाणीतही २० आणि २१ कलमांची दाद बंद करता येत नाही. म्हणजे पुन्हा कलमच आलं कामाला.

आणि बाबासाहेबांना विसरू नका. १९४३ च्या रानडे, गांधी, जिनांवरच्या भाषणात ते म्हणाले होते की हक्कांचं रक्षण कायदा करत नाही, समाजाची सामाजिक आणि नैतिक सदसद्विवेकबुद्धी करते. बघा, ते निसर्गही म्हणत नाहीत.

तारेपलीकडे
बाबासाहेबांचंच घेऊ. महाडचं तळं. १९२३ ला बोल्यांचा ठराव मुंबई कौन्सिलात पास झाला, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. पुढं महाडच्या नगरपालिकेनंही तळं खुलं केलं. कायदा झाला, कागद झाला. पाणी प्यायला मिळालं का? २० मार्च १९२७ ला हजारोंनी चालत जाऊन ओंजळीनं प्यावं लागलं, आणि परतताना मार खावा लागला. त्याच वर्षी डिसेंबरच्या परिषदेत बाबासाहेबांनी फ्रान्सच्या १७८९ च्या राष्ट्रसभेचं उदाहरण दिलं. माणसाचे जन्मसिद्ध हक्क जाहीर करणाऱ्या सभेचं. त्यांना तेव्हा ते आठवलं, बेंथम नाही आठवला.

पूर्वभाग
ताई, हे लाख बोललात.

टिळकचौक
एक भर घालतो. आपल्या सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात तळं खोदवलं, ते बसवण्णांच्या शरणांपैकी, म्हणजे त्यांच्या शिवभक्त साथीदारांपैकी. शरणांनी जन्मावरून माणसाची किंमत ठरवायला नकार दिला होता. लॉकच्या पाचशे वर्षं आधी.

सातरस्ता
शरणांचा आदर आहेच, पण त्यांनी सरकार कशावर उभं करावं हे सांगितलं नाही. त्यांना राज्याचा मार खावा लागला. दोन वेगळे विषय आहेत.

किल्लावेस
मूळ प्रश्नाकडे येतो.

पूर्वभाग ताईंचं आणि सातरस्ता साहेबांचं एक म्हणणं मला मोलाचं वाटतं. कायदा, युनियन, कोर्ट यांच्यावाचून हक्क हाताला लागत नाही. खरं आहे. पण हा हक्क मिळवण्याचा प्रश्न झाला. मी विचारतोय सरकारचा पाया काय. सरकारला माझ्यावर हुकूम चालवायचा अधिकार कशामुळे येतो? मी म्हणतो, ते माझे आणि तारेपलीकडे ताईंच्या आजीचे हक्क राखतं, तेवढ्यामुळे. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये १९३० सालीही तार होतीच. गावानं तीन दिवस सत्ता हातात घेतली, त्या तीन दिवसांत ती तार कुणी तोडल्याचं माझ्या वाचनात नाही. म्हणजे आपण स्वातंत्र्य मागत होतो तेव्हा आपल्याच वेशीवरच्या माणसांना त्यात धरलं नव्हतं. पाया कमी रुंद घातला की असं होतं. जन्मसिद्ध म्हणायचं तर जन्मलेल्या प्रत्येकाचं म्हणायला लागतं, त्यात जात, पास, हजेरी काही चालत नाही. कायद्यानं दिलेल्या हक्कात मात्र यादी करता येते, कोण आत, कोण बाहेर. म्हणून मी नैसर्गिक हक्काला धरून आहे. देव मानत नसाल तर नका मानू. माणूस मानला तरी पुरतं.

सातरस्ता
'माणूस मानला तरी पुरतं' इथवर मी तुमच्याबरोबर येतो. त्याला निसर्ग म्हणायला माझी तयारी नाही. मी त्याला आपण एकमेकांना दिलेला शब्द म्हणेन, आणि दिलेला शब्द लिहून ठेवावा लागतो. इथं आपलं जमणार नाही, चालेल.

तारेपलीकडे
तुमचं जमो न जमो, एक विचारते साहेब. १९५२ ला कायदा गेला, पण सराईत गुन्हेगारांचा वेगळा कायदा आला. आजही आसपास कुठं चोरी झाली की चौकशी पहिली आमच्या वस्तीत. माझ्या भावाला दोनदा नेऊन बसवलं, कारण काही सांगितलं नाही. ह्याला कलम आहे का तुमच्याकडे?

सातरस्ता
आहे, ताई. मुंबई राज्याचा सराईत गुन्हेगार कायदा १९५९ चा, पण त्यातही आधी शिक्षा झालेली असावी लागते, जात पुरत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला सुकन्या शांता खटल्यात सुप्रीम कोर्टानं तुरुंगातल्या जातीवरच्या कामवाटपाचे नियम रद्द केले, आणि विमुक्त जमातींना, म्हणजे १८७१ च्या कायद्यातून सुटलेल्यांना, सराईत गुन्हेगार समजण्याच्या सवयीबद्दल त्याच निकालात स्पष्ट लिहिलं आहे. आणि अटक केली तर कारण सांगायचं, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करायचं, हे २२ वं कलम. 'फक्त चौकशीला' म्हणून बसवून ठेवलं तर तोंडी ऐकू नका, लेखी नोटीस मागा. भावाला कधी, किती वाजता नेलं, किती वेळ ठेवलं, ते आजच लिहून काढा. मला निरोप टाका. फी नाही.

तारेपलीकडे
टाकते. आणि ३१ ऑगस्टला विमुक्त दिन असतो आमच्याकडे. १२ जानेवारीला पुतळ्याला हार घालायला गाव येतं, तसं कधी इकडंही या सगळे.

हातमाग
मी येतो. मावशीला घेऊन.

मंगळवारपेठ
मीही. वेळ कळवा.